यीस्टची पेशी थांबते कशी?
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्चाची गोष्ट सोडून आज पाव फुगविणाऱ्या यीस्टविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. पण या एकपेशीय जीवाने कर्करोगाविषयी जे शिकविले, त्याचा आपल्या किरणोपचार विभागाशी जवळचा संबंध आहे.

यीस्टच्या पेशीला अंकुर फुटतो, तो वाढतो आणि दीड-दोन तासांत एकीच्या दोन पेशी होतात. तत्पूर्वी डीएनएची पूर्ण नक्कल तयार व्हावी लागते. अशा पेशींवर क्ष-किरण सोडले, तर डीएनए जागोजागी तुटतो. निरोगी पेशी मग विभाजन थांबवते. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोठा अंकुर घेऊन, परंतु केंद्रक न विभागता, तशीच उभी दिसते. दुरुस्ती झाली की ती पुढे सरकते.

आता हे थांबणे कशामुळे? तुटलेल्या डीएनएमुळे काम आपोआप अडते, की थांबा म्हणून सांगणारे कोणी आत बसलेले असते? अमेरिकेत सिएटल येथील टेड वाईनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी 1988 साली याचे उत्तर दिले. ‘रॅड-9’ हे जनुक बिघडलेल्या पेशी क्ष-किरणांनंतर थांबतच नाहीत. तुटका डीएनए घेऊन त्या विभागत राहतात आणि काही पिढ्यांत मरतात. येथवर कोणीही म्हणेल, की यांची दुरुस्तीची यंत्रणाच नादुरुस्त असेल. म्हणून त्यांनी केंद्रकाचे विभाजन रोखणारे एक रसायन वापरले आणि त्या पेशींना काही तास बळेच थांबवून ठेवले. तेव्हा त्यांतील पुष्कळ पेशी वाचल्या! दुरुस्तीची हत्यारे शाबूत होती. उणीव होती ती फक्त थांबण्याच्या आज्ञेची. माझ्या दृष्टीने साऱ्या शोधाचे मर्म या एका प्रयोगात आहे. पेशीतील या नाक्यांना त्यांनी ‘चेकपॉइंट’ हे नाव दिले. पेशीचक्रावरील कार्यासाठी हार्टवेल यांना 2001 साली पॉल नर्स व टिम हंट यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

यीस्टही अनंतकाळ थांबत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. एका गुणसूत्रातील एकच तुटलेली जागा पेशीला थांबविण्यास पुरते. पण ती जोडलीच गेली नाही, तर कित्येक तासांनी बहुतेक पेशी तशाच पुढे जातात आणि ते गुणसूत्र पुढे गमावतात. हे 1993 साली दिसून आले.

माणसाच्या पेशीतही असे नाके आहेत. त्यांतील ‘पी-53’ या प्रथिनाचे जनुक सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेले आढळते. ‘एटीएम’ हे दुसरे जनुक 1995 साली सापडले. आई आणि वडील या दोघांकडूनही ते बिघडलेल्या स्वरूपात मिळालेल्या बालकाच्या पेशी किरणांनंतर नीट थांबत नाहीत. अशा बालकास किरणोपचाराची नेहमीची मात्राही अतिशय घातक ठरू शकते.

बाहेरगावचे नातेवाईक आमच्या खिडकीशी विचारतात, “साहेब, रोज थोडे थोडे कशाला? एकदाच काय ते देऊन टाका ना.” त्या प्रश्नात खोलीचे भाडे आणि बुडालेली मजुरी असते, म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मात्रा विभागून देण्याची पद्धत यीस्टच्या प्रयोगाहून कितीतरी जुनी आहे; 1920 च्या दशकात पॅरिसमधील डॉक्टरांनी ती अनुभवावरून बसविली. दोन मात्रांच्या मधल्या तासांत निरोगी पेशी बरीचशी दुरुस्ती उरकतात. कर्करोगाच्या पेशींना सहसा तेवढे साधत नाही. दिवस किती, हे मात्र रोगावर अवलंबून असते आणि ते तज्ज्ञच ठरवतात. स्तनाच्या कर्करोगात पूर्वीच्या पाच आठवड्यांऐवजी आता अनेक भगिनींचे उपचार तीन आठवड्यांत पूर्ण होतात. चाचण्यांनी ते सुरक्षित ठरविल्यानंतरच हा बदल झाला.

माझी विश्वस्तांना विनंती एवढीच, की या आठवड्यांत रुग्णासोबत राहणाऱ्या एका नातेवाइकाच्या निवासाचा व भोजनाचा खर्च धर्मादाय निधीतून करण्याचा प्रस्ताव या सभेपुढे आहे. त्यास मान्यता द्यावी. खर्चाचा तक्ता आपणां सर्वांस वाटला आहे.