पहिलं वकीलपत्र

वडगाव मावळच्या कोर्टात मी पहिल्यांदा गेलो तो अब्बांचं बोट धरून. शेताच्या बांधाचा वाद होता. सातबारा, फेरफार, जुनं खरेदीखत यांतली ओळ न् ओळ पाठ होती माझ्या आपाला. पण ती मुलगी, म्हणून घरी. मी मुलगा, म्हणून कोर्टात. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. आपाची शाळा सातवीतच सुटली.

बॅरिस्टर मिठन लाम यांच्याविषयी वाचलं, तेव्हा मला आपा आठवली. मिठनबाई माहेरच्या टाटा. १९१९ मध्ये आई हेराबाईंबरोबर त्या लंडनला गेल्या, त्या हिंदी स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून साक्ष द्यायला. तिथंच राहून शिकल्या आणि १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. त्याच वर्षी हिंदुस्थानातही कायद्यानं स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली. मुंबई हायकोर्टातल्या त्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर.

पण त्यांना पहिलं काम कसं मिळालं, ठाऊक आहे? पक्षकाराची बाजू भक्कम होती, हरायची भीतीच नव्हती. फक्त प्रतिपक्ष एका बाईकडून हरला, अशी त्याची फजिती करायची होती! म्हणून वकील बाई. त्यात गुणांची पारख कुठली? पण दार किलकिलं झालं आणि मिठनबाई आत गेल्या त्या कायमच्या. १९३६ च्या पारशी विवाह कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता. लॉ कॉलेजात त्यांनी शिकवलं. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या नगरपाल झाल्या. त्या पदावरच्याही पहिल्याच स्त्री. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आपाची मुलगी लोणावळ्याहून लोकलनं पुण्याला जाऊन वकील झाली. तिचं पहिलं काम नात्यातलं. "घरचीच पोर, फी कशाला द्यायची?" हा त्यामागचा हिशेब. ती चिडली. मी तिला मिठनबाईंची गोष्ट सांगितली. ऐकून म्हणाली, "मामू, केस घेते. पण फीसुद्धा घेणार."

तारखेच्या दिवशी आपा लेकीबरोबर वडगावच्या कोर्टात गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा. कागदांची पिशवी मात्र तिनं स्वतःच्याच हातात ठेवली होती.