एकशे अकरा अंशांचा कोन



मघाशी बाईंनी विचारलं, ‘तू नेमकं करतोस तरी काय?’ थोडक्यात सांगतो. आम्ही प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडतो आणि त्यावरून अणूंच्या जागा ठरवतो. चित्र बहुधा धूसर असतं. म्हणून संगणकाला आधीच सांगून ठेवावं लागतं, की पेप्टाइड बंध साधारण १.३३ अँगस्ट्रॉमचा, अमुक कोन इतक्या अंशांचा. १९९१ मध्ये एंग आणि ह्यूबर यांनी लहान रेणूंच्या अचूक मोजमापांवरून असा तक्ता तयार केला. मीही वर्षानुवर्षं तो प्रमाण मानला.

त्यात साखळीतल्या अल्फा कार्बनपाशी होणारा कोन बहुतेक ठिकाणी एकच, १११ अंशांच्या आसपास. माझ्या एका रचनेत मात्र एक कोन सारखा काही अंशांनी चुकायचा. मी बंधन आवळून तो तक्त्यात बसवायचो आणि दोष स्फटिकाला द्यायचो. पुढे कळलं, साखळी जशी वळते तसा हा कोन खरोखरच बदलतो. २०१० च्या सुमारास प्रत्येक वळणासाठी वेगळी मूल्यं देणारे तक्ते आले. ते वापरले आणि माझा ‘चुकार’ कोन बरोबर निघाला. चुकीची होती ती माझी अपेक्षा.

सर, भूमितीच्या तासाला हवा तो कोन येईपर्यंत मी आकृती ताणायचो आणि तुम्ही वही परत करायचात. ती सवय सुटायला मला वीस वर्षं लागली. आज वही पुन्हा तपासायला आणली आहे.