नवी नळी

एखाद्या वस्तूचा मुख्य भाग बदलला म्हणजे ती वस्तू तीच राहते की दुसरी होते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भेटतो. परीक्षेपुरते त्याचे उत्तर लिहून आपण पुढे जातो. मीही तसाच पुढे गेलो होतो. परंतु हा प्रश्न पुढे वीस वर्षांनी माझ्या दाराशी पुन्हा येऊन उभा राहिला, आणि तोही एका रायफलीच्या रूपाने. तिचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ही रायफल माझ्या वडिलांची. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली, .315 बोअरची, म्हणजे नळीचा अंतर्व्यास सुमारे आठ मिलिमीटर असलेली. हाताने बोल्ट मागे ओढावा, काडतूस पुढे सरकवावे, दांडी खाली पाडून बोल्ट बंद करावा, आणि मग चाप ओढावा, अशी तिची साधी रचना. वडिलांच्या निधनानंतर कायद्याप्रमाणे वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाला. शिकारीचा मला नाद नाही, आणि आता तो कायद्यालाही मान्य नाही. पण वर्षातून दोन-चार वेळा निशाणाच्या मैदानावर जावे, दहा-वीस गोळ्या झाडाव्या आणि घरी यावे, एवढा छंद मी वडिलांकडून घेतला होता. त्यांची एक सवय मात्र घेतली नव्हती. मैदानावरून आल्यावर अण्णा आधी चूल पेटवावयास सांगत. बोल्ट काढून ते नळीत नरसाळे लावीत आणि उकळते पाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ओतीत. मग कोरडी फडकी, आणि सर्वांत शेवटी तेल. आम्हा मुलांना हे कर्मकांड वाटे. ते म्हणत, "मीठ पाण्याने जाते रे, तेलाने जात नाही."

या एका वाक्यात बरेच रसायनशास्त्र होते. जुन्या काडतुसांच्या टोपीत ठिणगी पाडण्यासाठी जे मिश्रण असे, त्यात पोटॅशियम क्लोरेट वापरीत. ते जळाले की मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. ते जवळजवळ आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचे भावंड. हवेतील ओलावा ते शोषून घेते आणि पोलादाला गंज चढवते. तेल लावले तर हे मीठ विरघळत नाही. ते तेलाच्या थराखाली सुखरूप बसून आपले काम करीत राहते. आजच्या बहुतेक काडतुसांत हा क्षार नसतो. पण अण्णांनी जपून ठेवलेली जुनी काडतुसे माझ्यापाशी होती, आणि त्या वर्षी माझी नेमणूक रत्नागिरीस होती.

मे महिन्याच्या अखेरीस मी त्या काडतुसांपैकी वीस झाडली. रात्री उशीर झाला होता, सकाळी दौरा होता. तेलाचे फडके नळीतून एकदा फिरवले आणि रायफल खोळीत घालून ठेवली. उरलेले उद्या करू म्हटले. ज्या मनुष्याचा दिवस फायलींवर 'उद्या' लिहिण्यात जातो, त्याला हा शब्द फार सहज सुचतो. मग कोकणातला पाऊस सुरू झाला. ऑक्टोबरात खोळ उघडली, बोल्ट काढला आणि नळी उजेडाकडे धरली, तेव्हा जिथे आरशासारखी चकाकी दिसावयाची तिथे देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखे खड्डे दिसले. पन्नास मीटरांवर जी रायफल पाच गोळ्या लिंबाएवढ्या जागेत बसवीत असे, ती आता वीतभर जागेत पसरू लागली. अण्णांनी पस्तीस वर्षे सांभाळलेली नळी मी एका पावसाळ्यात घालवली होती.

आता येथे थोडे थांबून नळीचे महत्त्व सांगितले पाहिजे. रायफलीत बाकी सारे असते ते नळीच्या सेवेसाठी. नळीच्या आतल्या अंगाला मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या खाचा असतात. दोन खाचांमधले उंचवटे गोळीच्या अंगात रुततात, गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी देतात, आणि त्या फिरकीमुळे गोळी हवेत कोलांट्या न खाता सरळ जाते. या खाचांची कड बोथट झाली, किंवा त्यात खड्डे पडले, की दस्ता कितीही उत्तम असो, चाप कितीही हलका असो, नेम बिघडतोच.

किंबहुना माझ्या रायफलीच्या घराण्याचा इतिहास हा नळी बदलण्याचाच इतिहास आहे. जेम्स पॅरिस ली याने आखलेला बोल्ट आणि विल्यम मेटफर्ड याच्या पद्धतीच्या खाचांची नळी मिळून 1888 साली ब्रिटिश लष्कराने ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. मेटफर्डच्या सात खाचा उथळ आणि गोलसर कडांच्या होत्या. काळ्या दारूची काजळी फार धरते, म्हणून त्याने मुद्दाम तशी योजना केली होती, आणि काळ्या दारूपुरती ती शहाणपणाची होती. परंतु थोड्याच वर्षांत काळी दारू गेली आणि कॉर्डाइट आले. त्याच्या प्रखर उष्णतेपुढे त्या नाजूक खाचा भराभर झिजू लागल्या. तेव्हा एन्फील्डच्या कारखान्याने खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचांची नळी काढली, आणि 1895 साली तीच रायफल ली-एन्फील्ड या नावाने नवी झाली. बोल्ट लीचाच; नळी बदलली आणि नाव बदलले.

पुढे हिंदुस्थानात लष्कराच्या बोअरची काडतुसे खासगी माणसांच्या हाती राहू नयेत असे सरकारी धोरण ठरले. म्हणून त्याच धर्तीच्या रायफलीला .315 बोअरची नळी मिळाली आणि ती नागरिकांची रायफल झाली. 1962 च्या चीनशी झालेल्या युद्धानंतर इशापूरने त्याच जुन्या आराखड्यावर, अधिक बळकट पोलाद वापरून, 7.62 मिलिमीटरची रायफल लष्करासाठी तयार केली. एकदा रसायनशास्त्राने, एकदा कायद्याने आणि एकदा युद्धाने या घराण्याची नळी बदलली. माझ्या वेळी ती आळसाने बदलली, एवढाच फरक.

नळी बदलणे हे घरी बसून करण्याचे काम नव्हे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्तीदेखील परवानाधारकानेच करावयाची असते, आणि नळीसारखा सुटा भागही कायद्याच्या दृष्टीने अग्निशस्त्रच असतो. दुसऱ्यांच्या परवान्यांची प्रकरणे माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षे गेली होती. अर्जात एखादी त्रुटी दिसली की मी ती लाल शाईने अधोरेखित करीत असे. आता माझाच अर्ज दुसऱ्या जिल्ह्यातील दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे होता, आणि त्यावर दोनदा लाल रेघ आली. दोन्ही वेळा तो अधिकारी बरोबर होता. नळी हाती येईपर्यंत सात महिने गेले.

ज्यांच्याकडे काम दिले ते मिस्त्री सत्तरीच्या घरातले. त्यांचे आजे-पणजे शिकलगारी करीत, म्हणजे तलवारींना धार आणि पाणी देत. त्यांनी रायफलीचे लाकूड उतरवले, नळी शिशाच्या पट्ट्यांमध्ये धरून शिकंजात घट्ट आवळली, आणि सांध्यात पातळ तेल सोडून सांगितले, "साहेब, आज काही करायचं नाही. रात्रभर तेलाला काम करू द्या." दुसऱ्या दिवशी लांब दांडीचा पाना लावून त्यांनी जोर दिला. लाकूड मोडावे तसा एक आवाज झाला आणि इतक्या वर्षांचे आटे सुटले. तो आवाज मला पोटात जाणवला.

नवी नळी नुसती फिरवून बसवली की झाले, असे नाही. तिच्या मागच्या टोकाशी वरच्या बाजूस एक सपाट पट्टी असते आणि पुढच्या टोकाशी नेम धरण्याची माशी. नळी पूर्ण आवळली जाईल त्याच क्षणी ही दोन्ही बरोबर माथ्यावर आली पाहिजेत. थोडे अलीकडे राहिले तर नळी सैल, थोडे पलीकडे गेले तर नेम तिरपा. म्हणून मिस्त्री नळीचा खांदा केसभर घासत, बसवून पाहत, पुन्हा काढत. यात एक दुपार गेली.

त्याहून नाजूक काम पुढचे. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते आणि ती नळीच्या मागच्या तोंडावर टेकते. बोल्टचा चेहरा आणि नळीचे तोंड यांच्यामध्ये त्या कडेपुरतीच जागा हवी. जागा कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाली तर बार उडताना पितळी टोपण मागे ताणले जाऊन फाटते, आणि तो वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. हे तपासण्यासाठी पोलादाची दोन मापे असतात. पहिले घातल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसरे, किंचित जाड, घातल्यावर तो बंद होता कामा नये. पहिल्या मापावर बोल्ट अलगद मिटला. दुसऱ्यावर दांडी अर्ध्यावर अडली. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "हो म्हणायला कुणीबी शिकतं. नाही कुठं म्हणायचं ते हिला आता कळलं."

मग आला नळी रुळवण्याचा विधी. कोल्हापुरी वहाण नवी असताना चावते आणि पायाच्या सवयीने मऊ होते, तसे काहीसे नळीचे मानतात. उत्तम नळीचा आतला भाग गोळीच्या वाटेच्या दिशेनेच घासून गुळगुळीत केलेला असतो. परंतु काडतुसाचे घर कोरताना हत्यार गोल फिरते, म्हणून घराच्या तोंडाशी, जिथे गोळी पहिल्यांदा खाचांत शिरते तिथे, आडवे बारीक ओरखडे राहतात. गोळीवरचे तांब्याचे पातळ आवरण त्या ओरखड्यांवर खरवडले जाते, बारच्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ती पुढे नळीच्या भिंतीवर जाऊन बसते. तांब्यावर तांबे साचत गेले की नेम भरकटतो. म्हणून प्रथम एक गोळी झाडावी आणि नळी पार स्वच्छ करावी, पुन्हा एक, पुन्हा स्वच्छ. गोळ्या स्वतःच ते ओरखडे झिजवतात. तांबे कमी येऊ लागले की तीन-तीन गोळ्यांनंतर स्वच्छता, मग पाच-पाच गोळ्यांनंतर.

मी तीस काडतुसे घेऊन मैदानावर गेलो. पहिली गोळी झाडली. अमोनियाचे द्रावण लावलेले फडके मागच्या बाजूने नळीत घातले आणि पुढून काढले, तेव्हा ते गडद निळे होऊन आले, कारकुनाच्या बोटाला लागलेल्या शाईसारखे. तांबे आणि अमोनिया भेटले म्हणजे हा रंग येतो. फडकी पांढरी येईपर्यंत घासावयाचे, द्रावण पुसून काढावयाचे, नळी हाताला थंड लागेपर्यंत बसावयाचे, मग दुसरी गोळी. एका गोळीस पाऊण तास लागे. आठव्या गोळीनंतर फडक्यावर केवळ आकाशी छटा उरली. मग तीनच्या दोन फेऱ्या झाल्या आणि पाचच्या दोन. चोविसाव्या गोळीला संध्याकाळ झाली होती. शेवटच्या पाच गोळ्या पुन्हा लिंबाएवढ्या जागेत बसल्या.

या विधीवर सर्व जाणकारांची श्रद्धा आहे असे मात्र नाही. काही नळी-कारागीर तो आग्रहाने सांगतात. काही म्हणतात की ही नुसती काडतुसांची आणि नळीच्या आयुष्याची उधळपट्टी आहे, चांगली नळी आपोआप रुळते, आणि सळई चुकीची घासली तर फायद्याहून तोटाच अधिक. यात खरे कोणाचे हे ठरवणे सोपे नाही, कारण एकच नळी दोनदा नवी होत नाही. विधी न करता ही नळी कशी वागली असती हे मला कधीच कळणार नाही. पण आठ वेळा निळे होऊन आलेले फडके हातात धरून बसलेला मनुष्य त्या रायफलीकडे पुन्हा निष्काळजीपणे पाहू शकत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. नळी रुळली की नाही हे मिस्त्रींना विचारावे. मी थोडासा रुळलो.

जुन्या नळीचे काय करावे, हा प्रश्न उरला होता. अण्णांची आठवण म्हणून ती भिंतीवर लावावी असे मनात होते. परंतु ती कायद्याने अग्निशस्त्राचाच भाग. परवान्यावर आता नव्या नळीची नोंद झालेली. दुसऱ्या कोणी असा अर्ज केला असता तर मी काय लिहिले असते, हे मला चांगले ठाऊक होते. नियमाप्रमाणे तिचे तुकडे करण्यात आले, आणि त्याच्या कागदावर मी सही केली. आजवरच्या माझ्या सह्यांमध्ये तिला सर्वांत जास्त वेळ लागला.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनॅन्डर आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद पाली ग्रंथ 'मिलिंदपञ्ह' यात आहे. रथात बसून आलेल्या राजाला नागसेन विचारतो, यातला रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडा म्हणजे रथ का? आणि ही सारी काढून ठेवली तर वेगळा रथ उरतो का? राजाला कबूल करावे लागते की या सर्वांच्या मेळाला आपण रथ हे नाव देतो, एवढेच. एम. ए.च्या परीक्षेत मी यावर चार पाने लिहिली होती.

मैदानावरून घरी आलो तेव्हा माझ्या मुलीने नेमका तोच प्रश्न विचारला. "बाबा, नळी नवीन आहे, मग ही आजोबांचीच रायफल का?" मला नागसेनाचे उत्तर आठवले, पण ते मी दिले नाही. नव्या काडतुसांना त्याची गरज नसतानाही मी तिला पाणी उकळायला ठेवावयास सांगितले. नरसाळे तिने धरले. नळीच्या दुसऱ्या टोकातून वाफाळते स्वच्छ पाणी बादलीत पडू लागले, तेव्हा ती म्हणाली, "उरलेलं उद्या करू या का?"

"नाही," मी म्हणालो, "आजच."