ऐकून घ्यायला कुणी नाही



आज अंतोन चेखव यांच्या एका रशियन कथेविषयी.
साल 1886.

पीटर्सबर्गमध्ये बर्फ पडतंय.
आयोना हा गरीब गाडीवान.
त्याचा तरुण मुलगा नुकताच गेलाय.
त्याला ते कुणाला तरी सांगायचंय.
एवढंच.

एक लष्करी अधिकारी गाडीत बसतो.
मुलगा कशानं गेला, असंही विचारतो.
आणि डोळे मिटून घेतो.

मग तीन टवाळ तरुण.
त्यांना पोचायची घाई.

ऐकून घ्यायला कुणी नाही.

चेखव स्वतः डॉक्टर होते.
म्हणूनच की काय, ते कुणालाच खलनायक ठरवत नाहीत.
मला तेच सर्वांत अस्वस्थ करतं.

शेवटी आयोना आपल्या घोडीलाच सारं सांगतो.

दुःख आहेच, श्रोतेहो.
पण ऐकून घ्यायला कुणी नाही, हे त्याहून जड.

कथा अगदी छोटी आहे.
जरूर वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा.