रोप आपलं हवं



पाऊस अजून पुरता उघडलेला नाही. गादीवाफे बांधायचे आहेत, मल्चिंग अंथरायचं आहे, रोपांच्या गाड्या ठरवायच्या आहेत. अशा घाईत महाबळेश्वर, जावळी, वाई या तालुक्यांतून तुम्ही स्ट्रॉबेरी बागायतदार दोन दिवस काढून या अधिवेशनाला आलात आणि अध्यक्षपदाचा मान मला दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. अनेक वर्षं बागेबरोबर रोपवाटिकाही सांभाळत आल्यामुळे मला या पिकाकडे आधी मुळाच्या बाजूने बघायची सवय आहे. आजचं माझं म्हणणंही तिथूनच सुरू होतं.

ब्रिटिश साहेबांच्या बंगल्यांभोवती हौसेने लावलेलं हे फळ आपल्या आजोबा-पणजोबांनी शेतात आणलं. ते जुनं ऑस्ट्रेलियन वाण बारीक फळाचं आणि नाजूक होतं. १९९० नंतर कॅलिफोर्नियाची रोपं आली आणि चित्र पालटलं. चँडलर, स्वीट चार्ली, कॅमरोसा, मग विंटर डॉन आणि नाबिला ही नावं आपल्या घरातल्या पोरांनाही पाठ आहेत. ठिबक आलं, प्लास्टिकचं आच्छादन आलं. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. या पिकाने आपल्या डोंगरी गावांत पक्की घरं बांधली, मुलांना शिकवलं आणि मुंबईला गेलेल्या काहींना परत आणलं. भिलारसारखं गाव २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा घराघरांत पुस्तकांना जागा देता आली, त्यामागेही या पिकाने आणलेली सुबत्ता होती.

तरीही दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपण सगळे विमानाने येणाऱ्या खोक्यांची वाट बघत असतो. त्या खोक्यांत मदर प्लँट असतात. ते वाई तालुक्यात, जिथे पाऊस बेताचा असतो, तिथे वाढवायचे, त्यांचे रनर, म्हणजे धावते फुटवे, पिशव्यांत धरायचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती रोपं पसरणीचा घाट चढवून वर आणायची. एकरी २२ ते २५ हजार रोपं लागतात. त्यातलं प्रत्येक रोप कुठल्या तरी परदेशी रोपवाटिकेतल्या मातेचं लेकरू असतं. परवाना लांबला, विलगीकरणात अडचण आली, डॉलर वधारला किंवा तिकडेच रोगट लॉट निघाला, तर इथला अख्खा हंगाम हलतो. एका वर्षी एका पुरवठादाराकडून आलेल्या मदरना बुडातच कूज होती. पिशव्या भरून झाल्या होत्या, शेतकऱ्यांचे आगाऊ पैसे घेऊन झाले होते आणि रोपं एकेक करून बसत गेली. दोष कुणाचा, हे ठरवता ठरवता लागवडीची वेळ टळली.

माझ्या मते आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. भाव, मजूर, पाऊस यांबद्दल आपण दर बैठकीत बोलतो आणि ते बोललंच पाहिजे. पण रोप परक्याचं असल्याने त्या प्रत्येक अडचणीवरचं उत्तरही आपल्या हातात राहत नाही.

आज जगभर जी मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी पिकते, ती निसर्गात आयती सापडलेली नाही. १७१४ साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीच्या किनाऱ्यावरची मोठ्या फळाची पाच रोपं बोटीने फ्रान्सला आणली. ती मादी होती. शेजारी उत्तर अमेरिकेतली बारीक पण सुवासिक जात लावली, तेव्हा त्यांचा संकर झाला. त्या संकरातून या फळाचा आजचा वंश निघाला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाने पिढ्यानपिढ्या निवड केली आणि १९८३ साली चँडलर दिलं. फ्लोरिडाच्या लोकांनी त्यांच्या हिवाळ्यासाठी स्वीट चार्ली आणि विंटर डॉन काढली. प्रत्येकाने आपल्या हवेसाठी, आपल्या बाजारासाठी वाण घडवलं. आपल्या हवेसाठी मात्र कुणी घडवलं नाही. आपण त्यांच्या वाणांतलं जे इथे तगलं, ते ठेवलं.

हे काम शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने तासगावला आणि सोलापूरला जाऊन यावं. तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी स्वतःच्या बागेतल्या वेगळ्या दिसलेल्या वेलीतून निवडलं. सोनाका हे वाण नान्नज गावच्या नानासाहेब काळे यांनी निवडलं. हे दोघे बागायतदार होते. त्यांची नजर शाबूत होती आणि वेगळी दिसलेली फांदी छाटून टाकण्याऐवजी तिला खूण बांधण्याचा धीर त्यांच्याकडे होता. त्यांच्या पाठीशी बागायतदारांचा संघ उभा राहिला आणि पुढे १९९७ साली पुण्याजवळ मांजरीला द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आलं. क्रम लक्षात घ्या, शेतकरी आधी जमले आणि संस्था मागून आली.

स्ट्रॉबेरीत तर एक सोय निसर्गानेच दिली आहे. दोन वाणांचा संकर करून बी पेरलं, तर उगवणारं प्रत्येक रोप वेगळं निघतं. त्या शेकडो रोपांतलं एक मनासारखं मिळालं, की त्याचे रनर धरायचे. मग पुढचं प्रत्येक रोप त्याच्यासारखंच येतं. संकर ते पसंती यात आठ-दहा वर्षं जातात, हे खरं. कोंबाच्या टोकाच्या ऊतीपासून विषाणूमुक्त मदर तयार करणं मात्र त्याच्या निम्म्याही वेळात होऊ शकतं आणि तिथून सुरुवात करता येईल. केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांनी जळगावचं काय केलं, ते आपण बघितलं आहे. आपल्याच महाबळेश्वरात गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारं केंद्र कित्येक दशकं काम करतं आहे. सपाटीवरच्या गव्हासाठी या डोंगरावर शास्त्रज्ञ बसू शकतात, तर डोंगरावरच्या फळासाठीही बसले पाहिजेत.

आपल्याला वाण कसं हवं? पहिली गोष्ट पावसाची. २३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तो लागवडीआधीचा होता. त्याने माती आणि बांध नेले. पण त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला जो अवकाळी कोसळला, तो ऐन फुला-फळांवर होता. उमललेल्या फुलात पाणी शिरलं की करडी बुरशी आलीच. शिवाय हे झाड दिवस लहान होऊन रात्री गार पडल्या की फुलतं. ऑक्टोबरच्या रात्री उबदार राहिल्या तर ते फुलाऐवजी रनर सोडत बसतं आणि नाताळच्या चढ्या भावाला आपल्याकडे माल नसतो. ओल सोसणारं आणि उबदार रात्रीतही वेळेवर फुलणारं वाण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या किनाऱ्यावर कोण कशासाठी शोधेल?

दुसरी गोष्ट चवीची. हे फळ तोडल्यावर पिकत नाही, नुसतं लाल होतं आणि मऊ पडतं. तरी वाशीला आणि क्रॉफर्ड मार्केटला टिकावं म्हणून आपण ते पाऊण रंगावर तोडतो आणि कडक फळाची वाणं निवडतो. लांबच्या बाजारासाठी ते ठीकच आहे. त्यासाठी तोडणीनंतर तासाभरात फळ थंड करण्याची सोय गावोगाव व्हायला हवी. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे, जी बहुतेक फळपट्ट्यांना मिळत नाही: गिऱ्हाईक गाडी काढून बांधापर्यंत येतं. त्याच्यासाठी झाडावर पूर्ण पिकलेलं, हातात धरताच वास सुटणारं, मऊ फळ का नसावं? ते घाट उतरून टिकणार नाही, म्हणून ते खायला घाटच चढावा लागेल. मार्चमध्ये माल दाटतो आणि फॅक्टरीच्या दराकडे डोळे लावून बसावं लागतं, त्या दिवसांत हे फळ मोठा आधार देईल.

हिसार, झाशी आणि आपल्याच नाशिकमधलं सुरगाणा आता स्ट्रॉबेरी पिकवतात. त्यांचं मी मनापासून स्वागत करतो. सुरगाण्याच्या आदिवासी शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील, तर त्यात आपला तोटा मानू नये. मात्र त्यांच्याकडे जी रोपं आहेत, तीच आपल्याकडे आहेत. मानांकनाचं नाव खोक्यावर छापून वेगळेपणाचा प्रश्न सुटत नाही. फळ तोंडात टाकल्यावर ते इथलंच आहे, हे कळलं पाहिजे.

पाण्याबद्दल मला थोडं कडक बोलावं लागेल. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्या आपल्या बागांच्या उशाला उगम पावतात. २००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आपल्यातले बरेच जण त्याकडे जाच म्हणून बघतात. पण पाणी जपलं नाही तर काय होतं, ते बघा: स्पेनमध्ये वेल्वा भागातल्या स्ट्रॉबेरीसाठी जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं गेलं, शेजारचं दोन्याना हे जगप्रसिद्ध पाणथळ सुकत चाललं आणि तिथल्या फळावर युरोपभर बोट ठेवलं गेलं. लाल कोळी आणि भुरीवर आपण जे मारतो, हंगाम संपल्यावर बांधाला जे प्लास्टिक जाळतो, ते सगळं पहिल्या पावसात या नद्यांत उतरतं आणि खालच्या गावांच्या घशात जातं. रोगाला दाद न देणारं वाण असलं, तर फवारणी आपोआप कमी होईल. पण प्लास्टिक गोळा करायला कुठल्याही वाणाची वाट बघायची गरज नाही.

आणखी एक. पहाटेच्या दवात वाकून तोडणी करतात त्या बहुतेक बायका आहेत. कुठल्या झाडाचं फळ दुसऱ्या दिवशी पनेटच्या डबीत मऊ पडतं आणि कुठल्या झाडावर पावसानंतरही बुरशी दिसत नाही, हे त्यांना बांधावर उभ्या असलेल्या मालकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. निवडीचं काम त्यांच्या नजरेवाचून होणार नाही. म्हणून त्यांना या कामात मजुरीपलीकडे वाटा आणि मान मिळाला पाहिजे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक बागायतदाराने दर रोपामागे १० पैसे वाणनिधीत द्यावेत. २५ हजार रोपांच्या एकराला ते २,५०० रुपये होतात, म्हणजे फवारणीच्या एखाद-दुसऱ्या फेरीचा खर्च. या निधीतून पहिल्या वर्षी निरोगी मदरची एक जाळीबंद रोपवाटिका उभी राहावी आणि कृषी विद्यापीठाच्या मदतीने संकराचं काम सुरू व्हावं. त्याचबरोबर प्रत्येक गावाने एक वही ठेवावी. अवकाळीनंतर उभी राहिलेली, लवकर फुललेली, वेगळ्या चवीची झाडं तोडणाऱ्या बायकांनी दाखवायची, त्यांना खूण बांधायची आणि तारखेसह नोंद करायची. वाणांच्या हक्कांबद्दलच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतः घडवलेलं वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतं. त्या नोंदीला पुरावा लागेल, तो या वहीतून मिळेल. वह्या आणि खुणेच्या फिती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत गावाचं नाव लिहून त्या घेऊन जा.