गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी



आज आपण एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. दुखणे माणसाचे नव्हे, गाडीचे.

सकाळी गाडी झटक्यात सुरू होते. वेस ओलांडते, दहा-पंधरा किलोमीटर नीट जाते. मग इंजिन तापते आणि चढावर गाडी मध्येच बंद पडते. कितीही सेल्फ मारा, दाद देत नाही. अर्ध्या तासाने गार झाली, की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते.

गाडीत भाजी असली तर बाजार चुकतो. पण गाडीत बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेली बाई असली तर? तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

अशा वेळी पुष्कळ लोक काय करतात? एक जण म्हणतो प्लग बदला. बदलले. दुसरा म्हणतो पंप बदला. तोही बदलला. पैसे गेले, दुखणे तसेच राहिले. वैद्य आधी नाडी बघतो, मग औषध देतो. गाडीचेही तसेच करावे. आधी निदान, मग खर्च.

आम्ही मुख्यतः जुन्या, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीविषयी सांगतो. तिचे काम डोळ्यांना दिसते, म्हणून समजायला सोपे.

आधी काटा पाहा

इंजिन गरम होणे हा दोष नाही. ते गरम व्हायलाच हवे. फाजील गरम होणे हा दोष. म्हणून पहिल्यांदा उष्णतेचा काटा पाहावा. काटा लाल खुणेवर गेला असेल, तर दुखणे पाण्याचे समजावे. पाणी कमी झाले असेल, कुठे गळत असेल, फॅनचा पट्टा सैल झाला असेल, किंवा रेडिएटर आतून तुंबला असेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते. त्यामुळे ते 100 अंशांच्या वर तापले तरी उकळत नाही. झाकण काढले की दाब सुटतो, आणि उकळते पाणी व वाफ उसळून तोंडावर येते. हात आणि तोंड भाजते, डोळेही जाऊ शकतात. इंजिन पुरते गार होऊ द्या. मग जाड फडके धरून झाकण हळू फिरवा. उशीर झाला तरी चालेल.

काटा नेहमीच्या जागी आहे, तरी गाडी बंद पडली? मग पुढे चला.

दोन प्रश्न

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण, ते दाबले जाणे, आणि वेळेवर ठिणगी. गाडी थंडपणी नीट चालते, म्हणजे तेव्हा तिन्ही असतात. तापल्यावर यातले काय नाहीसे होते, एवढेच शोधायचे.

गाडी कशी बंद पडली हे आठवा. फुंकर मारून दिवा विझावा तशी एकदम बंद झाली, तर संशय विजेवर घ्यावा. आचके देत, खोकत खोकत बंद झाली, तर संशय पेट्रोलवर. ही नुसती खूण आहे, पुरावा नव्हे.

पुरावा तिथेच, लगेच घ्यायचा. गाडी गार झाली की चोर पळाला! मग मिस्त्रीही म्हणतो, "गाडीत काही दोष नाही." म्हणून गाडीत एक जादा प्लग, पाना आणि रबरी मुठीची पकड ठेवावी.

पहिला प्रश्न, ठिणगी आहे का? गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा. तो प्लग पकडीत धरून त्याचे लोखंड इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दुसऱ्याने सेल्फ मारावा. हात पंख्यापासून दूर असू द्या. जवळ सांडलेले पेट्रोल किंवा पेट्रोलचा वास असेल, तर हा प्रयोग करू नका.

कडक निळी ठिणगी पडली तर ठीक. पडलीच नाही, किंवा पिवळी, मरगळलेली पडली, तर कॉइल आणि कंडेन्सर पाहावा. कॉइलमध्ये बारीक तारेचे वेढे असतात. आतले आवरण कमजोर झाले, की तापल्यावर वीज आतल्या आत वाया जाते. किल्ली बंद करून कॉइलवर ओले, पिळलेले फडके ठेवा. लगेच गाडी सुरू झाली, तर कॉइलवरचा संशय वाढला. तरी विकत घेण्याआधी त्याच जातीची चांगली कॉइल लावून पाहावी.

ठिणगी चांगली आहे? मग दुसरा प्रश्न, पेट्रोल येते का? आता विडी-काडी दूर ठेवा. प्रथम टाकीचे झाकण उघडा. हवा सूं करून आत गेली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नाही. इथे नाव गरमीचे होते, पण दोष झाकणाचा निघाला. टाचणीचे काम, पैचा खर्च नाही.

झाकण ठीक असेल तर इंजिन बंद ठेवून हवेची जाळी काढा. कार्ब्युरेटरमध्ये पाहत ॲक्सिलरेटरची दांडी हाताने हलवा. पेट्रोलची पिचकारी उडाली तर पेट्रोल तिथवर आले आहे. कोरडे दिसले, तर नळी, पंप किंवा गाळणी पाहावी. पेट्रोलचा काही भाग 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतो. नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली असेल, तर आत वाफ धरते आणि पंप नुसती वाफच ओढतो. पंपावर व नळीवर ओले फडके ठेवून गाडी सुरू झाली, तर दोष हाच. नळी त्या पाइपापासून दूर घ्यावी.

उलट प्लग ओला व काळा निघाला, तर पेट्रोल फाजील येते. चोक अडकला आहे का ते पाहा. चोक थंड इंजिनासाठी असतो. गरम इंजिनाला तो गुदमरवतो.

ठिणगी आहे, पेट्रोलही आहे, तरी चालत नाही? मग व्हॉल्व्ह नीट मिटत नसतील आणि दाब सुटत असेल. ते माप कारखान्यातच घ्यावे.

नव्या गाड्या

नव्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर नसतो. तिथे संगणक हुकूम देतो. त्यातला एखादा सेन्सर तापला की मुका होतो, गार झाला की बोलतो. तो यंत्र लावून तपासावा. या गाड्यांची पेट्रोलची नळी दाबाखाली असते, ती सोडू नका. वायर काढून ठिणगी पाहण्याचा प्रयोगही तिथे नको. डिझेल इंजिनाला तर ठिणगी नसतेच. तिथे टाकीचे झाकण, गाळणी आणि नळीत शिरलेली हवा आधी पाहावी.

वहीत लिहा

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. गाडीत एक वही ठेवा. तारीख, किती किलोमीटरवर बंद पडली, काटा कुठे होता, एकदम पडली की आचके देत, ठिणगी होती का, किती वेळाने सुरू झाली, एवढे लिहा. एका वेळी एकच भाग बदला, आणि तोही लिहून ठेवा. मिस्त्रीकडे जाल तेव्हा वही पुढे ठेवा. मग तो अंदाजाने पाना फिरवणार नाही, आणि तुमचा पैसाही अंदाजाने जाणार नाही.