गडावर नेणारी गाडी



आपली सीताबर्डी किल्ल्याच्या टेकडीला लागून वसली खरी, पण बाजारहाटासाठी ती टेकडी कोणाला चढावी लागत नाही. पोर्तुगालमधील लिस्बनच्या बायकांना हे सुख नाही. ते शहरच टेकड्यांवर पसरलेले. तेथे खालच्या पेठेतून वरच्या वस्तीत जाण्यासाठी १९०२ साली लोखंडाचा ४५ मीटर उंच मनोरा उभारून त्यात दोन पाळणे बसविले. त्याचे नाव सांता जुश्ता. आरंभी तो वाफेवर चाले, १९०७ पासून विजेवर. तिकीट काढावे आणि कोणीही बसावे.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील वणीचा सप्तशृंगगड. देवीच्या पायऱ्या पाचशेच्या आसपास. त्या उमाबाई दाभाडे यांनी बांधविल्या असे सांगतात. म्हणजे ही वाटही एका बाईनेच केलेली! २०१८ पासून तेथे उभ्या चढावरच्या रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी सुरू झाली. लोक तिला ट्रॉली म्हणतात.

यावर काही जणी नाक मुरडतात. पायी चढल्यावाचून पुण्य कसले, म्हणतात. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी खुशाल चढावे. परंतु जन्मभर घरच्यांसाठी खपून जिचे पाय गेले, तिने पहिल्या पायरीला हळदकुंकू वाहून ओटी सुनेच्या हाती द्यावी आणि खालीच बसून राहावे, हा कोणता न्याय? देवीने तर असे सांगितलेले नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. लिस्बनमध्येच ग्लोरिया नावाची, १८८५ साली सुरू झालेली, चढावरची गाडी होती. कप्पीवरच्या दोराला दोन घागरी बांधाव्या तसे तिचे दोन डबे एकाच दोराला बांधलेले. एक वर जाई तेव्हा दुसरा खाली येई. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तो दोर निसटला, वरचा डबा उतारावरून सुटून इमारतीवर आदळला आणि १६ माणसे प्राणास मुकली. दोर आतल्या बाजूला असतो, उतारूंच्या दृष्टीस पडत नाही.

मंडळाची सहल गडावर न्यावी अशी माझी सूचना आहे. चैत्रात आणि नवरात्रात फार गर्दी होते, ते दिवस टाळावेत. आणि चिटणीसबाईंनी भाड्याची चौकशी करणारे पत्र धाडतानाच, दोराची तपासणी शेवटची केव्हा झाली, हेही त्यात विचारून घ्यावे.